सण रंगवले की लोककला, कत्तल रंगवली की गुन्हा?

सरळ मुद्द्यावर येते. पेरूच्या आयाकुचो भागात डोंगरात सार्वा नावाचं एक गाव आहे, तिथले लोक लाकडी फळ्यांवर चित्रं काढतात, आणि २०१८ मध्ये पेरू सरकारने त्यांच्या या कलेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. चांगली गोष्ट. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथल्या पेपरांत बातमी होती की सार्वाच्या चित्रकारांनी रंगवलेल्या काही फळ्यांची दहशतवादाचं समर्थन केल्याच्या संशयावरून चौकशी चालू आहे. गाव तेच, कला तीच, रंगवणारे हातसुद्धा त्याच घरांमधले. फरक एवढाच की एका फळीवर नांगरणी, लग्न आणि मेरी मातेची मिरवणूक होती, आणि दुसऱ्या फळीवर गावातल्या माणसांना कोणी कसं मारलं ते होतं.

माझं म्हणणं असंय की या दोन फळ्या एकमेकींपासून तोडताच येत नाहीत. ज्या सरकारला पहिली फळी अभिमानाने मिरवायची आहे त्याला दुसरी पण पदरात घ्यावी लागेल, आणि नुसतं सहन करायचं म्हणून नाही, तर ती जास्त मोलाची आहे असं मान्य करून.

आधी ही फळी काय असते ते सांगते, कारण सगळा वाद तिथेच उलगडतो. सार्वाची फळी मुळात विकायची किंवा भिंतीवर टांगायची वस्तू नव्हतीच. गावात एखाद्या जोडप्याने नवीन घर बांधलं की त्यांचा कोंपाद्रे, म्हणजे धार्मिक विधीतून जोडलेला मानलेला नातेवाईक, त्यांना एक लांबलचक रंगवलेली फळी देतो. लांबी दोन-तीन मीटर, रुंदी जेमतेम हातभर, आणि ती लावायची घराच्या आत, वर छताला. ती काय कोणी काखेत मारून नेऊन देत नाही, वाजतगाजत, खाण्यापिण्याचं सामान आणि चिचा म्हणजे मक्याची दारू घेऊन लोक निघतात, या सोहळ्याला तिथे ताब्ला अपायकुय म्हणतात. आणि फळी वाचायची खालून वर. सगळ्यात खाली कोणी कोणाला दिली ते लिहिलेलं, त्याच्यावर गावाची पाठराखीण मेरी माता, मग घरमालक नवराबायको, मग एकावर एक चौकटींत त्यांचे नातेवाईक, जवळचे आधी लांबचे नंतर, आणि टोकाला सूर्य.

जवळून बघितलं ना की कळतं यात केवढं काय भरलंय. लाकडावर पांढरा गिलावा, त्यावर काळ्या बारीक रेघा, आत मातीचे रंग, आणि ते भरायला कोंबडीचं पीस. चेहरे सगळ्यांचे जवळपास एकसारखे, त्यामुळे माणूस ओळखायचा तो कपड्यांवरून, हातातल्या कामावरून आणि बाजूला लिहिलेल्या नावावरून. एखादी बाई सूत कातत असते, कोणी नांगराला हात लावून उभा असतो, कोणी वाद्य वाजवत असतो. फळीवर आलात म्हणजे तुमचा मान झाला आणि त्या घराशी तुमचं देणंघेणं पण पक्कं झालं, कारण अँडीजच्या गावांमध्ये घर बांधणं, शेत पेरणं ही कामं एकमेकांच्या मदतीवर चालतात, आज तू माझ्याकडे उद्या मी तुझ्याकडे. रात्री अंथरुणावर पडून वर बघितलं की या घरामागे कोण कोण उभं आहे ते नावानिशी दिसतं.

म्हणजे ही फळी पहिल्यापासूनच एक नोंद आहे. सजावट आहे, देवाचं काम आहे, सगळं खरं, पण मुख्य काम नोंदीचं. कोण होतं, कोणाचं होतं, काय करत होतं. जिथे क्वेचुआ, म्हणजे डोंगरातली मूळ भाषा, बोलणाऱ्या लोकांची नावं सरकारी कागदांवर यायची ती बहुतेक करापुरती नाहीतर कोर्टकचेरीपुरती, तिथे गावाने स्वतःच्या छताखाली स्वतःची नोंदवही ठेवली. हे एकदा डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

१९७० च्या दशकात सार्वाची माणसं कामधंद्यासाठी राजधानीत, लिमात यायला लागली, आणि त्यांच्यातल्या प्रिमितिवो एव्हानान पोमा, व्हिक्तोर युक्रा अशा चित्रकारांनी ही कला शहरात आणली. तीन मीटरची फळी शहरातल्या फ्लॅटच्या छताला कोण लावणार? म्हणून फळ्या लहान झाल्या, चौकोनी झाल्या, एका फळीवर एकच प्रसंग यायला लागला आणि खाली किंवा बाजूला त्या प्रसंगाची माहिती लिहिलेली, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मध्ये मध्ये क्वेचुआ शब्द घालून. पेरणी, गुरांना खुणा घालायचा सण, पाटाची सफाई, लग्न, वैदू, संतांचे उत्सव. १९८२ मध्ये लिमाच्या चोर्रियोस भागात सार्वाच्या लोककलाकारांची संघटना उभी राहिली. शहरातल्या लोकांना हे आवडलं, टुरिस्ट घ्यायला लागले, पोट भरायला लागलं. इथपर्यंत कोणाचीच काही तक्रार नव्हती.

पण १९८२ म्हणजे आयाकुचोमध्ये काय चालू होतं ते बघा. १७ मे १९८० ला चुस्ची नावाच्या गावात शायनिंग पाथ या माओवादी सशस्त्र संघटनेच्या लोकांनी मतपेट्या जाळल्या आणि युद्ध सुरू झालं. हे चुस्ची सार्वाच्याच पट्ट्यातलं, पाम्पास नदीच्या खोऱ्यातलं. पुढची वीस वर्षं काय झालं त्याचा हिशोब पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मांडला: अंदाजे ६९,२८० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. आयोगाकडे नोंद झालेल्या बळींपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी आदिवासी भाषा होती, आणि ४० टक्क्यांहून जास्त बळी एकट्या आयाकुचोमधले. निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, मृत्यूंची जबाबदारी आयोगाने शायनिंग पाथवर टाकली, आणि बाकीच्यातला मोठा वाटा लष्कर आणि पोलिसांवर. १९८३ च्या एप्रिलमध्ये लुकानामार्का गावात शायनिंग पाथने ६९ माणसं मारली, लहान मुलं धरून. १९८५ च्या ऑगस्टमध्ये अक्कोमार्का गावात लष्कराच्या तुकडीने गावकऱ्यांची कत्तल केली, तिथेही मुलं आणि म्हाताऱ्या होत्या. दोन्ही गावं आयाकुचोतलीच. डोंगरातल्या माणसाला पळायला जागा उरली ती फक्त लिमाच्या कडेच्या वाळवंटी टेकड्यांवर.

आणि लिमातल्या पांढरपेशा वस्त्यांना यातलं बरंच काही कळलंच नाही, किंवा कळून फरक पडला नाही, जोपर्यंत १९९२ मध्ये मिराफ्लोरेसमध्ये बॉम्ब फुटला नाही तोपर्यंत. हे मी रागाने लिहितेय हे मला माहितीये. पण जवळपास सत्तर हजार माणसं जातात आणि देशाच्या राजधानीला आकडा वीस वर्षांनी आयोगाकडून कळतो, त्याआधीचे सगळे अंदाज त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली होते, तेव्हा राग येणं काही चूक नाही.

अशा वेळी सार्वाच्या संघटनेतल्या चित्रकारांनी काय केलं? जे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी केलं असतं तेच केलं. नोंद ठेवली. १९९० च्या दशकात त्यांनी फळ्यांची एक मालिका रंगवली, तिचं नाव पिराक काउसा, म्हणजे साधारण 'दोष कोणाचा?' तीच चौकट, तेच बारीक काळे काठ, तेच एकसारखे चेहरे, तेच लेखन. फक्त आता गावात शायनिंग पाथचे लोक शिरतात, गावाच्या पंचांना हुसकतात, लोकांना जबरदस्तीने आपल्यात ओढतात, मग सैनिक आणि पोलिस येतात आणि त्याच लोकांना दहशतवादी म्हणून मारहाण करतात, बायकांवर अत्याचार करतात, मग माणसं घरं सोडून निघतात. दोन्हीकडून मार. चित्राच्या नावातच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बघणाऱ्यावर सोडलंय.

या फळ्या बरीच वर्षं अमेरिकेत होत्या. २०१७ मध्ये तिथल्या एका लोककला संस्थेने त्या लिमाच्या कला संग्रहालयाला, ज्याला सगळे माली म्हणतात, भेट म्हणून पाठवल्या. येताना कस्टम्समध्ये अडकल्या. चित्रात बंदूकधारी आहेत, लाल झेंडे आहेत, म्हणजे दहशतवादाची भलामण असणार असा संशय, आणि प्रकरण गेलं दहशतवादविरोधी पोलिसांकडे. जानेवारी २०१८ मध्ये बातमी फुटली तेव्हा पेरूतल्या कलाकारांनी, इतिहासकारांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी एकच आवाज उठवला, आणि आज त्या फळ्या मालीच्या संग्रहात आहेत. पण एवढं होईपर्यंत ज्या माणसांनी युद्धात घरदार गमावलं त्यांच्याच नावापुढे दहशतवादी हा शब्द पुन्हा एकदा छापून आला होता. पेरूमध्ये याला तेर्रुकेओ म्हणतात, समोरचा डोंगरातला असला, क्वेचुआ बोलत असला, सरकारविरुद्ध काही बोलला की त्याला तेर्रुको म्हणजे दहशतवादी म्हणून मोकळं व्हायचं. हा शिक्का ज्या समाजावर बसतो त्याच समाजाची माणसं सगळ्यात जास्त मेली होती, हे विसरून चालणार नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. शायनिंग पाथ ही क्रूर संघटना होती, तिने गावंच्या गावं संपवली, आणि ती सुद्धा चित्रं वापरायची. लिमाच्या कांतो ग्रांदे तुरुंगात तिच्या कैद्यांनी भिंतीभर आपल्या नेत्याची चित्रं रंगवली होती, मिरवणुका काढल्या होत्या. ज्या घरातला माणूस या लोकांनी मारला त्या घराला लाल झेंड्याचं कुठलंही चित्र बघून धडकी भरत असेल तर ती भीती खोटी नाही. समर्थनाविरुद्धचा कायदा त्या भीतीतून आला आणि २०१७ मध्ये तो आणखी कडक केला गेला. मला हे सगळं मान्य आहे.

पण मग चित्र बघा ना! प्रचाराचं चित्र कसं असतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये, मध्यभागी मोठा नेता, मागून प्रकाश, खाली हसरी जनता. सार्वाच्या ज्या फळ्या मी फोटोंमधून बघितल्या त्यात नेता नाही, हिरो नाही, विजय नाही. झेंडा घेऊन आलेला माणूस आणि गणवेशातला माणूस दोघंही गावावर कोसळलेलं संकट म्हणून रंगवलेत, आणि मधल्या माणसांचे हात वर आहेत किंवा बांधलेले आहेत. शिवाय चित्रकाराने काय घडतंय ते शब्दात लिहून ठेवलंय, त्याच फळीवर! कस्टम्सच्या किंवा पोलिसांच्या माणसाने पाच मिनिटं थांबून ते वाचलं असतं तरी पुरे होतं. एखादी गोष्ट दाखवणं आणि तिची आरती करणं यात फरक असतो, आणि देवळातल्या, चर्चमधल्या चित्रांच्या बाबतीत हा फरक सगळ्यांना कळतो. क्रूसावर खिळलेला येशू रंगवणाऱ्याला रोमन सैनिकांचा समर्थक कोणी म्हणत नाही. अँडीजच्या प्रत्येक चर्चमध्ये रक्तबंबाळ ख्रिस्त आहे. मग सार्वाच्या रक्ताने असं काय केलं?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो कस्टम्सवाल्यांनी नाही तर अभ्यासकांनी काढला. या फळ्या सगळं खरं सांगत नाहीत. सार्वावर काम केलेल्या संशोधनातून हे समोर आलंय की युद्धाच्या काळात गावातल्या गावात जी भांडणं पेटली, गावकऱ्यांच्याच हातून जे झालं, त्यातलं काही चित्रांत आलंय पण काही झाकलंय, त्याबद्दल गावाने गप्प राहायचं ठरवलं. मग अशी चित्रं संग्रहालयात इतिहास म्हणून लावायची का?

लावायची. माझं उत्तर स्पष्ट आहे. लष्कराने ठेवलेली कागदपत्रं तरी कुठे सगळं सांगतात, आणि ती आपण अर्काइव्हमधून फेकून देतो का? साक्षीदाराची साक्ष अपुरी असते म्हणून साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढत नाहीत, उलट अजून प्रश्न विचारतात. सार्वाच्या फळीवर काय गाळलंय हे कोणाला कळलं कशामुळे? फळी होती म्हणून, चित्रं पुढे ठेवून लोकांशी बोलता आलं म्हणून. आणि ज्या गावात मारणारा आणि मेलेला दोघांची नातवंडं अजून एकाच पाटाचं पाणी वापरतात तिथे काही गोष्टी उघड न रंगवण्यामागे जगायची गरज असते, तिला लबाडी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

खरं सांगायचं तर मला कस्टम्सपेक्षा जास्त काळजी वाटते ती एका जुन्या समजुतीची, जी सरकारात पण आहे आणि चित्रं प्रेमाने विकत घेणाऱ्यांत पण आहे. ती म्हणजे लोककला कशी निरागस पाहिजे. गावातल्या चित्रकाराने गाव रंगवावं, सण रंगवावा, देव रंगवावा, लामा आणि मेंढ्या आणि बर्फाचे डोंगर रंगवावेत, आणि देशाचं, न्यायाचं, कोणी कोणाला मारलं याचं बोलायला शहरातले शिकलेले चित्रकार आहेतच.

ही समजूत किती खोल आहे ते बघायला १९७५ सालचा किस्सा पुरे. त्या वर्षीचा पेरूचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार कला विभागात होआकिन लोपेस आन्ताय यांना मिळाला. हे आयाकुचो शहरातले, जन्म १८९७ चा, रेताब्लो बनवणारे. रेताब्लो म्हणजे दोन दारांची लाकडी पेटी, आत बटाटा आणि जिप्समच्या लगद्याच्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती. मूळची ही पेटी गुराखी आणि खेचरवाले बरोबर घेऊन फिरायचे, वरच्या मजल्यावर गुरांचे रक्षक संत, खालच्या मजल्यावर गुरं, मालक, चोर पकडून आणलेला वगैरे, आणि गुरांच्या विधीला ती मांडायची. १९४० च्या दशकात लिमाहून गेलेल्या चित्रकार आलिसिया बुस्तामान्ते यांनी या पेट्या बघितल्या, लोपेस आन्ताय यांना बाजाराचे, सणाचे, रोजच्या जगण्याचे प्रसंग घालायला सुचवलं, आणि मग ही पेटी जगभर गेली. तर अशा माणसाला देशाचा सगळ्यात मोठा कला पुरस्कार मिळाला आणि लिमाच्या चित्रकारांच्या संघटनेने निषेध केला. म्हणणं काय, तर ही कारागिरी आहे, कला नाही. बऱ्याच चित्रकारांनी लोपेस आन्ताय यांची बाजू घेतली, संघटनेत फूट पडली, आणि पुरस्कार कायम राहिला. पण तो प्रश्न काही गेला नाही. कारागीर म्हटलं की त्याच्या हाताला किंमत असते, मताला नाही. २०१७ मध्ये फळ्या अडवणाऱ्याच्या डोक्यात हेच असणार, कारण असेच प्रसंग लिमातल्या एखाद्या नामांकित चित्रकाराने कॅनव्हासवर रंगवले असते तर ते कस्टम्समध्ये पोलिसांपर्यंत गेले असते असं मला अजिबात वाटत नाही.

आणि इतिहास तर उलटंच सांगतो. अँडीजचा चित्रकार कधीच निरागस नव्हता. स्पॅनिश लोकांनी कुस्कोमध्ये ख्रिस्ती धर्म शिकवायला चित्रकला आणली, तिथले मूळ आदिवासी चित्रकार शिकले, आणि १६८८ च्या सुमारास स्पॅनिश चित्रकारांशी खटके उडून ते त्यांच्या संघातून बाहेर पडून स्वतःच्या पद्धतीने काम करायला लागले. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने अठराव्या शतकाच्या मध्याला रंगवलेलं लास्ट सपर आहे, येशू आणि बारा शिष्य टेबलाभोवती, आणि मधल्या ताटात पाठीवर उताणा पडलेला, पाय वर केलेला कुय, म्हणजे गिनी पिग, डोंगरातलं सणाचं जेवण. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसी या चांदीच्या खाणींच्या गावात एका अनाम चित्रकाराने मेरी मातेचं अंगच चांदीच्या डोंगराच्या आकाराचं रंगवलं, झग्यावर वाटा, माणसं, जनावरं. डोंगर हीच पूज्य गोष्ट असं मानणाऱ्या लोकांच्या देशात हे चित्र नुसतं भक्तीचं आहे असं म्हणणं म्हणजे त्या चित्रकाराची अक्कल काढणं झालं. धार्मिक प्रसंगाच्या आत आपलं म्हणणं ठेवायची ही सवय तीनशे वर्षांची आहे.

इक्वाडोरचं उदाहरण पण बघण्यासारखं आहे. कोतोपाक्सी प्रांतात तिग्वा म्हणून भाग आहे, तिथले किच्वा लोक सणाच्या ढोलांची कातडी रंगवायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजधानी क्विटोतल्या कलाव्यापारी ओल्गा फिश यांच्या सांगण्यावरून हुलिओ तोआकिसा यांनी ढोलाऐवजी चौकटीवर ताणलेल्या मेंढीच्या कातड्यावर चित्र काढलं, आणि मग सगळं कुटुंब, सगळा परिसर रंगवायला लागला. चकचकीत एनॅमल रंग, कोतोपाक्सीचा ज्वालामुखी, किलोतोआ तलाव, कॉर्पस ख्रिस्ती या ख्रिस्ती सणाचे नाचणारे, आकाशात कोंडोर म्हणजे अँडीजचं मोठं गिधाड. विकली जातात ती जास्त करून हीच. पण १९९० च्या जूनमध्ये इक्वाडोरच्या आदिवासींनी जमिनीसाठी देशभर उठाव केला, रस्ते अडवले, तेव्हा तिग्वाच्या कातड्यावर मोर्चे पण आले. त्याच रंगात, त्याच डोंगरांसमोर. ज्याने सणाला गर्दी रंगवली त्याला मोर्चाची गर्दी रंगवायला नवीन काही शिकावं लागलं नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटलं तर नवल नाही. वारली चौक पण आधी लग्नाच्या भिंतीवर बायका लिहायच्या, १९७० च्याच दशकात तो कागदावर आला आणि जिव्या सोमा म्हशे यांचं नाव जगभर झालं. आज वारली नाच कपावर, साडीवर, फ्लायओव्हरच्या खांबावर असतो. १९४५ चा वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा किती खांबांवर दिसतो ते ज्याने त्याने बघावं.

बाजार वाईट आहे असं मला म्हणायचं नाहीये. बुस्तामान्ते, फिश यांच्यासारख्या बाहेरच्या बायकांनी हात दिला नसता तर रेताब्लो आणि तिग्वा दोन्ही कदाचित आज नसते, आणि लिमातल्या गिऱ्हाइकाने सार्वाच्या लोकांना वाईट दिवसांत भाकरी दिली. पण गिऱ्हाइकाने सुंदर गाव मागितलं म्हणून चित्रकाराने फक्त सुंदर गावच रंगवायचं असा काही करार झालेला नव्हता. एदिल्बेर्तो हिमेनेस यांचं बघा, रेताब्लो करणाऱ्या घराण्यातले, मानववंशशास्त्र शिकले, आयाकुचोच्या चुंगी भागात जाऊन वाचलेल्या लोकांकडून एकेक हकीगत ऐकली आणि कागदावर आणि पेट्यांमध्ये उतरवली. ज्या पेटीत गुरांचे संत असायचे त्याच पेटीत मारलेली माणसं. हे कारागिरीच्या बाहेर जाणं नाही, त्या पेटीचं मूळ काम तेच होतं, आपल्या जित्राबाची, आपल्या माणसांची राखण.

आणि आता तर या चित्रांची गरज आधीपेक्षा वाढलीये. ऑगस्ट २०२४ मध्ये पेरूच्या संसदेने केलेला कायदा लागू झाला की २००२ च्या आधी घडलेल्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आता खटले चालवता येणार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या पुढचा कायदा आला, त्या वीस वर्षांतल्या कृत्यांसाठी सैनिक, पोलिस आणि गावरक्षक दलांना माफी. म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद होत चाललाय. त्याच्याही आधी, १५ डिसेंबर २०२२ ला, आयाकुचो शहरातच आंदोलनाच्या वेळी लष्कराच्या गोळीबारात दहा माणसं गेली, आणि तेव्हा पण आंदोलकांना तेर्रुको म्हणून झालं. जिथे न्यायालयातली नोंद थांबवली जाते तिथे लोकांनी ठेवलेली नोंद हीच उरते, आणि तिच्यावरही चौकशी बसवायची असेल तर मग या लोकांनी जायचं कुठे?

माझी मागणी मोठी नाही. सांस्कृतिक वारसा म्हणून जे जाहीर केलंय त्यात लाकूड, गिलावा आणि पीस याबरोबर काय रंगवायचं ते ठरवायचा चित्रकाराचा हक्क पण येतो, असं संस्कृती मंत्रालयाने लेखी सांगावं, आणि पुढच्या वेळी अशी फळी विमानतळावर थांबली तर पोलिसांना बोलावण्याआधी सार्वाच्या संघटनेला फोन करावा. पिराक काउसा मालीच्या गोदामात न ठेवता लोकांसमोर ठेवावी, आयाकुचोत पण न्यावी, शाळेतल्या मुलांना क्वेचुआ आणि स्पॅनिश दोन्हीत समजावून सांगावी, आणि काय गाळलंय तेही त्यांच्याशी बोलावं. चित्रांखाली नुसतं 'सार्वाची लोककला' न लिहिता रंगवणाऱ्यांची नावं लिहावीत.

कारण पुढचा वाद आत्ताच दारात आहे. प्रिमितिवो यांची मुलगी व्हेनुका एव्हानान लिमात वाढलेली चित्रकार आहे, ती सार्वाच्याच शैलीत बायकांचं जगणं रंगवते, त्यांचे हक्क, त्यांचं शरीर, त्यांच्यावरची हिंसा. आता लोक विचारतील की ही खरी सार्वाची फळी का, गावात कुठे असं असतं. हे ठरवायचा अधिकार सार्वाच्या माणसांचा आहे, गावात राहिलेल्यांचा आणि लिमात आलेल्यांचाही, आणि त्यांचं त्यावर एकमत झालं नाही तरी कस्टम्स ऑफिसरने मध्ये पडायचं काहीच कारण नाही.